जीपमधले पाहुणे

चामोर्शी, ९ जानेवारी १९५५

आज बापूराव विमेवाले आले. चांद्याहून येतात, आमच्याकडे जेवतात, मग त्यांना विमा आठवतो. जीपचा हप्ता यंदा वाढला म्हणे. हे चिडले. "गाडी लढाईतली, लिलावात घेतलेली, पत्र्याले पत्रा धरून नाई, अन् विमा राजाच्या मोटारीचा?" बापूरावांनी वांग्याची भाजी पुन्हा वाढून घेतली आणि म्हणाले, "कमी करता येते, भाऊ. पाहू." जेवणं झाल्यावर दोघं ओसरीवर कुजबुजत बसले. मी ताटं उचलून बाहेर येईपर्यंत ठरलं होतं. काय ते मला सांगितलं नाही.

११ जाने.

कळलं. यांचा धंदा धानाचा. पण बाजाराच्या दिवशी जीपमधून आलापल्लीकडे माणसं नेतात, भाडं घेतात. भाड्याच्या गाडीचा विमा महाग. म्हणून कागदावर लिहायचं, गाडी खाजगी, घरच्या कामाची. त्यात घरचे आणि पाहुणे यांच्या जिवाचाही विमा येतो. भाडं देणाऱ्याचा येत नाही.

"मग बाजाराची माणसं कोण?" मी विचारलं.

"पाहुने," हे म्हणाले.

छान. गोणपाट, कोंबड्या, तेलाचे डबे घेऊन दर बाजाराला येणारे पाहुणे.

मी म्हटलं, हप्ता कमीच करायचा तर सरळ रस्ता आहे. पावसाळ्यात वाट बंद होते, जीप गुरांच्या कोठ्यात उभी राहते, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. तेवढ्या महिन्यांची सूट मिळते, बापूरावांनीच मागे सांगितलं होतं. आधी कंपनीला कळवावं लागतं, एवढंच. वर्षभर अपघात नाही झाला तर त्याचीही सूट असते. ती यांनी कधी मागितली नाही. तर म्हणतात, "पत्रं कोन लिहीत बसन?" घरात मास्तरीण आहे, शाळेत दिवसभर पोरींकडून पत्रंच लिहून घेते. पण सही होऊन गेली होती. काटकसर वेगळी, लबाडी वेगळी, एवढं म्हणून मी भांडी घासायला बसले. जरा जोरातच घासली.

२३ जाने.

पार्बताबाई ढिवरीण मासोळी घेऊन आली. हिचा नवरा सोमाजी वैनगंगेवर जाळं टाकतो, डोंग्याने माणसं पैलतीरी नेतो. संक्रांतीचे तिळाचे लाडू उरले होते, दोन दिले. तिने पदरात बांधले आणि टोपलीतून मूठभर सुके झिंगे काढून सुपात टाकले. "अगं, राहू दे." "रिकाम्या हातानं कशी नेऊ, बाई?" हिच्याशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नाही. उधार देत नाही, उधार घेत नाही. माझ्या माहेरचे अर्धे लोक हिच्याकडे शिकवणीला पाठवायला हवेत.

२४ फेब्रु.

मार्कंड्याची यात्रा आटोपली. जीप रोज भरून गेली, भरून आली. हे खुशीत. लोकांनाही आता पाठ झालंय. गाडी थांबली की हात वर करून म्हणतात, "पाहुने आले, भाऊ, पाहुने." चिल्लर हातात ठेवताना म्हणतात, "हा अहेर घ्या." सगळी आळी हसते. आज मीही हसले.

८ मार्च

सकाळी सोमाजी दारात आला. गुडघा सुजलेला, पाय ओढत. लेक बाळंतीण झालीय आलापल्लीला, नातू पाहायला जायचंय. नाहीतर हा माणूस कुठेही पायीच जातो. यांनी त्याला आधीच सांगितलं होतं, तुमच्याकडून भाडं नाही घेणार, नदीला पाणी असताना किती वेळा उतरवलं आम्हाला. हे जीपच्या चाकात हवा भरत होते तेवढ्यात सोमाजी मागच्या दाराने आला, टोपली ठेवली. चांगल्या जिवंत मासोळ्या.

"भाऊले सांगू नका आत्ताच. वापस करतीन. गाडीचे हायेत हे."

मी बरं म्हटलं. शाळेची घाई होती.

दुपारी सुटीत घरी येऊन रांधल्या. जेवले. सासूबाईंना वाढल्या. यांच्यासाठी झाकून ठेवल्या.

संध्याकाळी निरोप आला. आष्टीपुढच्या नाल्यात. उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडी फार भरली होती. यांचा हात मोडलाय. बाकीच्यांना लागलंय, जिवाचं नाही. सोमाजी खाली सापडला.

गेला.

झाकलेलं पातेलं तसंच आहे. कोणी उघडायला तयार नाही.

१० मार्च

त्याला त्याच्याच डोंग्यात घालून नदीपलीकडे नेलं. हे गेले होते, हात गळ्यात बांधून. परत आल्यापासून पाणी दिलं तर पितात. मी जवळ बसले. काय म्हणायचं? मी सांगत होते, असं म्हणायचं? पण मी सांगत होते ते कागदाबद्दल, ब्रेकबद्दल कोण बोललं होतं.

पार्बताबाई रडली नाही म्हणे. डोंग्याचा दोर धरून उभी होती.

२८ मार्च

शाळेत लक्ष नाही. वेलांट्या तपासताना तेच ते. लेकीने नातवाला घेऊन यायला हवं होतं, त्याने का जायचं? असले प्रश्न.

पोलिसांनी यांचं लिहून घेतलं. कोर्टात तारीख पडेल.

१४ एप्रिल

बापूराव आले. पहिल्यांदाच जेवले नाहीत. म्हणाले, "घाबरायचे कारन नाई. पाहुन्याचा विमा हाय. सोमाजीच्या बाईले कंपनी देईन, भाऊच्या अंगावर काई येनार नाई. फक्त एक ध्यानात ठेवा, भाडं कोनी देल्लं नाई." मग गाडीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. सगळे तयार. कोणी मामेभाऊ झालाय, कोणी व्याही. आमचं गोत भराभर वाढलंय.

बापूराव गेल्यावर हे म्हणाले, "बाकीच्याईचं खोटं हाय. पन सोमाजीचं मी खोटं बोलून नाई राह्यलो. त्याच्यापासून मी खरंच काई घेतलं नाई."

खरं आहे. यांना मासोळ्यांचं अजून माहीतच नाही. नंतर कधी सांगायचं? त्या दिवशी? की दहाव्याला? आज ओठांवर आलं आणि गिळलं.

१७ एप्रिल

पार्बताबाईकडे गेले होते. यांनीच पाठवलं, बाईचं बाईजवळ. ती अंगणात जाळं विणत बसली होती. जाळं बायका विणत नाहीत असं ऐकलं होतं, मग आठवलं की आता तिच्या घरात दुसरं कोण आहे.

मी सांगितलं, विमा कंपनीचा साहेब येईल, विचारेल. सोमाजी पाहुणा म्हणून बसला होता एवढं म्हण. पैसे येतील.

"कायचे पैसे?"

"त्याचे. म्हणजे... तो गेला त्याचे."

तिने जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाली, "सांगीन, बाई, जे झालं ते."

होकार की नकार, मला कळलं नाही. यांना मात्र सांगितलं की हो म्हणाली. उगाच. उठताना तिने मोहाची फुलं दिली, वाळवलेली. मी नको म्हटलं नाही.

२ मे

उद्या साहेब येणार. यांना आज सांगितलं, मासोळ्यांचं. ऐकून घेतलं, मग एकदम ओरडले, "काऊन घेतल्या तू?" मी पण ओरडले, पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही म्हणून घेतल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्या मीबी खाल्ल्या." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

जरा वेळाने हे म्हणाले, "भेट होती ती. मले माईत नाई म्हंजे भाडं कसं होईन?" बरोबर आहे का? मला बरोबर वाटतं. आणि वाटत नाही.

३ मे

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला माझ्या सोयीचं आठवेल.

साहेब नागपूरचा, तरुण, सभ्य, उन्हाने लाल झालेला. पन्हं प्यायला. आळीतले 'पाहुणे' एकेक येऊन बोलून गेले. तो लिहीत होता आणि मधूनच यांच्याकडे पाहत होता. इतके नातेवाईक एका जीपमध्ये कोणाला खरे वाटतील? त्यानंतर पार्बताबाई. हे तिला म्हणाले, बस. ती उंबऱ्याजवळ बसली.

"तुमचा नवरा पाहुणा म्हणून गेला होता ना?"

"कोनाचा पाहुना?"

"यांचा. भाडं दिलं नव्हतं ना?"

"देल्लं, जी. मासोळ्या देल्ल्या. म्याच टोपली भरून देल्ली, म्हटलं गाडीचे हायेत, बाईजवळ नेऊन द्या."

साहेबाने दौतीतून टाक उचलला आणि तसाच धरून ठेवला. माणूस वाईट नाही. त्याने वाट करून दिली. म्हणाला, "बाई, ते भेट म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला देतो आपण. नीट आठवा."

"भेट कायची? आमी डोंगा चालवतो, साहेब. जो बसते तो देते. मूठभर तांदूळ देईन, पन देते. फुकट त डोंग्यात मढं बसते. माहा मानूस जिता बसला होता."

यांनी डोळे मिटले होते.

मग साहेब माझ्याकडे वळला. "टोपली तुमच्याकडे दिली म्हणतात. देताना काय म्हणाला तो? भेट म्हणाला की भाडं?"

पार्बताबाई माझ्याकडे पाहत होती. साधंच पाहत होती, आता बाई सांगतील असं. हे पण पाहत होते. भेट म्हटलं असतं तर तिला पैसे मिळाले असते, कदाचित. यांचं घर वाचलं असतं. आणि तिच्यासमोर तिचा नवरा फुकट्या ठरला असता. गाडीचे हायेत, हे शब्द माझ्या कानात होते, अजून आहेत.

मी म्हटलं, "घाईत होते. आठवत नाही."

पार्बताबाईने मान खाली घातली. साहेबाने तिचा अंगठा घेतला. जाताना ती माझ्याशी बोलली नाही. एरवी "येतो, बाई" म्हणते.

४ मे

मला वाटलं होतं, मी कोणाचंच वाईट केलं नाही. आज दिवसभर वाटतंय की दोघांचंही केलं. भेट म्हटलं असतं तर तिचं पोट भरलं असतं. भाडं म्हटलं असतं तर ती एकटी पडली नसती. मी दोन्हीतलं काही म्हटलं नाही आणि नीट जेवले.

१९ जून

कंपनीचं आलं. गाडी खाजगी म्हणून विमा, आणि चालवली भाड्याने. देणं लागत नाही, कोणाचंच. सोमाजीचंही नाही, जीपचंही नाही.

सगळ्या आळीत ज्याने भाडं दिलं तो पाहुणा ठरू शकला असता. ज्याच्याकडून यांनी मागितलं नाही, तोच भाडं देणारा ठरला. बापूरावांना कळवलं. ते सध्या दौऱ्यावर आहेत म्हणे.

हे म्हणाले, "मी देईन तिले. जमीन इकीन, पन देईन." सासूबाई म्हणाल्या, "अन् खाशीन काय?" संध्याकाळी म्हणाले, "थोडं थोडं देईन." जेवताना काहीच म्हणाले नाहीत.

३० जून

जीप कोठ्यात आणून टाकलीय. एका अंगाने चेपलेली. कोणी विकत घेत नाही. हे दिवसातून दोनदा जाऊन पाहून येतात. मला त्यांची दया येते आणि रागही येतो, दोन्ही एकाच वेळी, त्यामुळे कामं पटापट होतात.

यांची तारीख पुन्हा पुढे गेली.

१७ जुलै

भामरागडकडची वाट बंद झाली. आमच्या इथली अजून चालू आहे, चिखलातून.

दुपारी पार्बताबाई आली. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. टोपली नव्हती. मला भीतीच वाटली, मग लाज. हे ओसरीवर होते. ती पायरीवर बसली, पायाचा चिखल काडीने काढला. यांनी विचारलं, "कशी हायेस?" "हावो, भाऊ." लेकीचं विचारलं. नातू पालथा पडतो आता, दूध पुरत नाही, म्हणून लेकीला इकडे आणलंय. डोंगा दिराने नेला. बाईने चालवायचा नसतो म्हणाला.

मग ती जे बोलायला आली होती ते बोलली. भांडायला आली नव्हती. मला खात्री आहे, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"भाऊ, लोक सांगतेत का मी खोटी बोलली असती त कंपनीनं पैसे देल्ले असते."

"हो," हे म्हणाले.

"मंग मी खरी बोलली त्याचे कोन देईन?"

सासूबाईंचं जातं आतमध्ये थांबलं. हे उठले, खुंटीवरची टोपी घेतली, पुन्हा अडकवली आणि आत जाऊन बसले.

ती अजून पायरीवर आहे. जायची घाई दिसत नाही. मी चूल पेटवून चहा ठेवलाय आणि पाणी उकळेपर्यंत इथे लिहीत बसलेय.