शीतखोली कोणाच्या हाती द्यावी याबद्दल

लिहून ठेवणार मी, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा लसींची घाऊक विक्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी भावाची घासाघीस करून पाहावी. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. माझ्या मागे घरात कुरबुर होऊ नये म्हणून माझ्या मालमत्तेची व्यवस्था स्वखुशीने खालीलप्रमाणे करते. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. राहते घर माझा एकुलता एक मुलगा आणि सून या दोघांना, निम्मे निम्मे. स्वयंपाकघरातला फ्रिज घरातच राहील. त्यात मात्र कोणीही, अगदी तासाभरापुरतीसुद्धा, लस ठेवू नये. त्या फ्रिजचे दार दिवसभर उघडझाप होत असते आणि बंद करण्याची आठवण घरात फक्त मला असते.

कलम २. बँकेतली ठेव आणि हातातल्या बांगड्या नातीला. आजी जन्मभर लसी विकत आली आणि ही पोरगी सुई दिसली की पलंगाखाली शिरायची. अजूनही टोचून घेताना आईचा हात घट्ट धरते, कॉलेजात जाते तरी. माझा लोकरीचा स्वेटर आणि कानटोपीही तिलाच. भर उन्हाळ्यात स्वेटर चढवून कामावर जाते म्हणून गल्लीने माझी भरपूर टर उडवली. पण शीतखोलीत बारा महिने हिवाळाच असतो, आणि तिथे तासभर माल लावायचा तर थाटमाट कामाचा नाही. ठेवीतून तिने काय शिकायचे ते तिने ठरवावे; वडिलांनी डॉक्टरकीचा आग्रह धरल्यास हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ३. जुना जनरेटर रस्त्यापलीकडच्या लसविक्रेत्यांना द्यावा. आम्ही त्यांना ‘समोरचे’ म्हणतो. भाव पाडून त्यांनी माझे सगळ्यात मोठे हॉस्पिटल पळवले, तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. तरी एकाची वीज गेली आणि यंत्र बंद पडले की दुसरा आपल्या शीतखोलीचे दार उघडतो, माल आत घेतो आणि वीज आली की जसाच्या तसा परत देतो. हे सगळे तोंडातून शब्द न काढता होते. इतक्या वर्षांत एकही कुपी इकडची तिकडे झाली नाही. असा शत्रू नशिबाने मिळतो. माझा राग मी माझ्याबरोबर नेत आहे, वारसांनी तो पुढे चालवू नये.

कलम ४. एका कंपनीचा विक्री अधिकारी समाचाराला आल्यास त्याला चहा विचारू नये. एकाच आजारावर दोन लसी मिळतात. स्वस्त लसीने मुलाला एखादा दिवस ताप येतो, महाग लसीने सहसा येत नाही. आजार मात्र दोन्ही टाळतात. हा गृहस्थ डॉक्टरांना शिकवत फिरायचा की आईला एवढेच विचारा, ‘बाळाला दुखरी देऊ की बिनदुखरी?’ कोणती आई ‘दुखरी द्या’ म्हणेल? ऐपत नसलेल्या बाया खाली मान घालून ‘पुढच्या महिन्यात येतो’ म्हणायच्या आणि पुन्हा फिरकायच्या नाहीत. मी त्याला दुकानाबाहेर काढला. कंपनीने वर्षभर माझा माल अडवून माझ्या नाकी नऊ आणले. तो पुन्हा आला तर पुन्हा बाहेर काढीन.

कलम ५. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट. दुकानामागची शीतखोली, बर्फाच्या पेट्या, गाडी आणि आतला माल.

आमचा बाजार आता फार फुगला आहे. सरकार आपल्या लसी ठोकात घेते, मोठी हॉस्पिटले थेट कंपनीकडून घेतात. उरले आमच्यासारख्यांना ते हमरस्त्याच्या पार टोकापर्यंतचे दोन खोल्यांचे दवाखाने. तिथला डॉक्टर एका वेळी दोन-तीन कुपी घेतो, कारण त्याहून जास्त ठेवायला त्याच्याकडे ना जागा ना भरवशाची वीज. दोन कुप्यांसाठी कंपनीची गाडी तिकडे वळत नाही. आमची वळते. नाही वळली तर त्या दवाखान्यातल्या आईला पोर कडेवर घेऊन शहरात यावे लागेल, आणि बहुतेक जणी येणार नाहीत.

एका मोठ्या कंपनीला माझी शीतखोली विकत हवी आहे. खोली ठेवू, छोटे दवाखाने ठेवणार नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले. हा प्रस्ताव माझ्या मुलानेच आणला. “आई, बाजार मोठा झाला, त्यात आपण लहान झालो,” असे तो म्हणाला. मुलगा लाखात एक आहे, हिशेबात माझ्याहून हुशार आहे, आणि त्याचे म्हणणे चूकही नाही. तरी मला ते पटत नाही.

त्याच्या लग्नाच्या वर्षी ऊन फार होते. लसी तापू नयेत म्हणून त्याने मायेपोटी यंत्र सगळ्यात थंडवर लावले. उन्हाने लस खराब होते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण काही लसी गोठल्या तरी वाया जातात हे घाईत तो विसरला. नुकतीच घरात आलेली सून सकाळी आत गेली. तिने संशय येऊन काही कुप्या हलवून टेबलावर ठेवल्या. चांगली लस बराच वेळ दुधी दिसते. या कुप्यांत गाळ भराभर तळाशी बसला. नवऱ्याची चूक सासूला कशी सांगायची, असा विचार तिने केला नाही. “आई, हे सगळं टाकावं लागेल,” एवढेच म्हणाली. नुसते बघून कोणालाही काही कळले नसते आणि माल हातोहात खपला असता. त्या दिवशी मी मनाशी पक्के केले.

सबब शीतखोली, गाडी आणि माल माझ्या पश्चात सूनबाईंना मिळावा. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. माझा जीव त्याच्यावर जास्त आहे, फक्त शीतखोली तिच्यावर सोडते आहे.

कलम ६. वरचा मजकूर काल लिहिला. वकील म्हणाले, ज्यांना देता त्यांना वाचून दाखवा, म्हणजे पुढे घोळ नको. आज न्याहारीनंतर दोघांना समोर बसवून वाचला.

मुलगा रुसेल अशी मला धास्ती होती. त्याने उलट मलाच विचारले, “तिला विचारलंस का? मी विकायला काढलं ते तिच्या गळ्यात पडू नये म्हणूनच.” मी विचारले नव्हते. सुनेने कागद हातात घेतला, पाचवे कलम पुन्हा वाचले आणि खाली ठेवला.

“आई, मला हे असं नको,” ती म्हणाली.

झाले, खोली विकली जाणार, असे मी धरून चालले.

“विक्रीचा परवाना तुमच्या नावावर आहे,” ती सावकाश म्हणाली. “तुम्ही गेलात की तो संपला. नवा मिळेपर्यंत खोलीला कुलूप, आणि आतल्या लसींच्या तारखा काही थांबणार नाहीत. मला शेवटी फेकायचा मालच मिळेल. तोवर ते दवाखानेही कुठेतरी पांगतील. द्यायची असेल तर आत्ता द्या. आणि तुम्ही असताना द्या, माझं काही चुकलं तर विचारायला कोणीतरी हवं ना.”

उभा जन्म मी प्रत्येक कुपीची आधी तारीख पाहिली, मग भाव. आणि लसी वारसाहक्काने द्यायला निघाले. मला हसू आले, आणि मग बराच वेळ रडूही आले. मुलगा म्हणाला, “आई, अर्ज मी भरतो.” आणि खरोखरच कागद गोळा करायला उठला.

सबब कलम ५ रद्द समजावे. शीतखोली मी आजच, जिवंतपणी आणि राजीखुशीने, सूनबाईंना दिली. नवा परवाना हातात येईपर्यंत जुना चालवण्याची आणि त्यासाठी धडधाकट राहण्याची जबाबदारी माझी. मी दुपारची विश्रांती घेतलीच पाहिजे ही अट सूनबाईंनी घातली असून, थोडी हुज्जत घालून मी ती मान्य केली आहे.

आमची गाडी चालवणाऱ्या काकांना या कागदात काही ठेवता आले नाही, कारण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील सांगतात. काकांनी गैरसमज करून घेऊ नये. उद्या लांबच्या दवाखान्यांची फेरी आहे. नव्या मालकीणबाईही बरोबर येतील, त्यांना गाडीत पुढे बसवावे.

ठिकाण: शीतखोलीबाहेरचे टेबल
दिनांक: मार्चचा पहिला सोमवार

साक्षीदार:
१. गाडी चालवणारे काका (सही)
२. कोपऱ्यावरच्या बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)

लिहून ठेवणारीची सही
हुद्दा: सूनबाईंच्या हाताखाली नोकरी, आजपासून रुजू