निष्कलंक विरुद्ध डागदर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. कारण: सूड. निर्णय अत्यंत शांत डोक्याने घेतला आहे. पेपर फाडला तो नंतर.

समोरच्याची मुलाखत छापून आली आहे. अर्धं पान, फोटोसकट. मथळा: ‘डागांचा डागदर’. हा माणूस सहा वर्षं माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्री करत होता. शाईचा डाग चोळायचा नसतो, टिपायचा असतो, हे त्याला मी शिकवलं. मग रस्ता ओलांडला आणि बरोब्बर माझ्यासमोर दुकान टाकलं. ‘डागदर’ ही कोटीसुद्धा माझीच. एकदा दुपारी चहा पिताना सहज केली होती. तेव्हा तो हसला नाही. आता कळलं, पाठ करत होता.

मुलाखतीत माझं नाव एकदाही नाही. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बायकोला वाचायला लावली. ती म्हणाली, आहे की, ‘सुरुवातीला मी एका छोट्या दुकानात होतो.’ छोट्या.

संकल्प: तीन महिन्यांत या शहरात डाग म्हटलं की लोकांना मी आठवलो पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार.
कन्येशी चर्चा. ती कॉलेजात मार्केटिंग शिकते. म्हणाली, बाबा, याला पर्सनल ब्रँड म्हणतात. आधी हे ठरवा की लोकांनी तुम्हाला कशासाठी ओळखावं. मी म्हणालो, समोरच्यापेक्षा चांगला म्हणून. ती म्हणाली, हे ‘कशासाठी’ नाही झालं, ‘कुणावर’ झालं. शिकवलं की मुलं फाटे फोडायला लागतात.

ब्रँडचं नाव माझं मीच ठरवलं: निष्कलंक. बजेट: कमीत कमी. लोगो मेव्हण्याकडून फुकट. तो रंगांच्या दुकानात आहे, म्हणजे कलेच्या जवळचाच. शर्टाभोवती तेजोवलय काढ असं सांगितलं होतं. शर्टाची बनियन झाली आणि वलयाचा पंखा. बोर्ड आज दुपारीच लावला, तेव्हापासून दोघांनी पंखे दुरुस्त करता का म्हणून विचारलं. लोक थांबून विचारतात याचा अर्थ बोर्ड काम करतो.

९ फेब्रुवारी, रविवार.
पहिला व्हिडिओ. विषय: बॉलपेनचा डाग. जागा: दुकानाचा काउंटर. कॅमेरा: बायकोच्या हातात फोन. माझाच पांढरा शर्ट घेतला, खिशावर मुद्दाम रेघ ओढली, मागे जुना टॉवेल धरला, कापसावर स्पिरिट घेतलं. सगळं शास्त्रशुद्ध. पण बोलता बोलता नजर समोर गेली. त्याच्या दारात चार गिऱ्हाइकं उभी. हात आपोआप चोळायला लागला. रेघेचा तळहाताएवढा निळा ढग झाला.

बायको कॅमेऱ्यामागून म्हणाली, अहो, टिपायचा ना? ते रेकॉर्ड झालं. कन्या म्हणाली, काढून टाकू या. मी म्हणालो, राहू दे, प्रामाणिकपणा विकला जातो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
व्हिडिओ एकवीस जणांनी बघितला. त्यात सात वेळा मीच. मेव्हण्याने कमेंट केली: ताईचा आवाज छान आलाय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३.
गनिमी कावा. स्वतःचं नाव वर नेता येत नसेल तर दुसऱ्याचं खाली आणता येतं. एक खोटं खातं उघडलं. नाव: बादलीवाल्या मावशी. फोटो: दुकानातली लाल बादली. कन्येला, बायकोला, कुणालाच सांगितलेलं नाही.

डागदरही व्हिडिओ टाकतो. मावशींनी त्याच्या एका व्हिडिओखाली प्रश्न टाकला: रक्ताच्या डागाला पाणी कसं घ्यावं हो? सापळा होता. गरम म्हणाला असता तर जन्मातून उठवला असता. उत्तर आलं: थंडच, मावशी, गरमाने डाग पक्का बसतो. बरोबर. मीच शिकवलेलं. स्वतःच्याच विद्येने हरवलं की दुप्पट झोंबतं.

तरी मावशींनी हार मानली नाही. खाली लिहिलं: अर्धंच सांगितलंस बाळा. कपडा उलटा कर आणि मागून पाणी सोड, म्हणजे डाग आला त्या वाटेने परत जातो.

संध्याकाळी बघतो तर त्या ओळीला चाळीस अंगठे. डागदराचाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
लोक डागदराचे व्हिडिओ सोडून खाली मावशींनाच प्रश्न विचारतात. तेलाचा डाग, गंजाचा डाग, च्युइंग गम. मावशी कुणाला सोडत नाहीत. तेलावर पावडर टाक आणि तासभर त्याच्याकडे बघू नकोस. गंजाला लिंबू आणि मीठ, पण आधी आतल्या शिवणीवर करून बघ, उतावीळपणा घरी ठेव. एकीने लिहिलं, मावशी, तुम्ही रागावता पण आमच्या आईसारख्या वाटता.

निष्कलंकचे फॉलोअर: अकरा. मावशींचे: बाराशे. तात्पुरती परिस्थिती आहे.

२ मार्च, रविवार.
आज निर्णायक चाल. मावशींकडून माझी जाहिरात. लिहिलं: कपडा फारच नाजूक असेल तर ‘निष्कलंक’वाल्यांकडे न्या, माणूस सज्जन आहे. सज्जन हा शब्द आधी लिहिला, खोडला, परत लिहिला.

दुपारी ४. उत्तरं आली. मावशी, तुम्हीसुद्धा पैसे घ्यायला लागलात का? मावशी, तो शर्ट निळा करणारा माणूस ना? मावशी, तुमचं खातं कुणी हॅक केलंय का? दीडशे जण सोडून गेले. मावशींना माफी मागावी लागली. मी मावशींच्या वतीने माझ्याबद्दल लिहिलं की यापुढे असल्या माणसांची नावं घेणार नाही.

बायको घरात ती माफी मोठ्याने वाचत होती. तीही मावशींना फॉलो करते. म्हणाली, बघा, बाईने चूक कशी सरळ कबूल केली.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११.
शत्रू जाळ्यात. डागदराने मावशींना खासगी मेसेज पाठवला आहे. जसाच्या तसा उतरवून ठेवतो, पुरावा म्हणून:

मावशी, कपड्याचं नाही, दुसरंच विचारतोय. माझे एक गुरू आहेत. समोरच दुकान आहे. पेपरवाल्याला मी त्यांचं नाव तीनदा सांगितलं, त्याने जागा नाही म्हणून कापलं. जाऊन सांगायची हिंमत होत नाही. रोज सकाळी त्यांना हात करतो, ते शटरकडे बघतात. डाग जुना झालाय. निघेल का?

तीनदा सांगितलं म्हणतो. कशावरून?

दुपारी १. जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही, वेळ नव्हता. उत्तराचे पाच मसुदे केले. या क्षणासाठी महिनाभर तपश्चर्या केली. शेवटी मावशींनी एकच ओळ पाठवली: जुना डाग निघत नाही बाळा, उगाच घासून कपडा फाडू नकोस, नाद सोड.

दुपारी १.१०. विजय. पूर्ण विजय. बायकोने विचारलं, चेहरा असा का? म्हणालो, आनंदाचा आहे.

१० मार्च, सोमवार.
सकाळी शटर उघडताना समोरच्याने हात केला नाही. उत्तम.

११ मार्च, मंगळवार.
आजही नाही. मी शटर दोनदा वर-खाली केलं. कडी तपासायची होती.

१४ मार्च, शुक्रवार.
नाही. त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एवढंच असेल तर गुरू कशाला म्हणायचं? इतक्या वर्षांत मला कुणी गुरू म्हटलं नव्हतं. कन्या फार तर बाबा म्हणते, तेही फोनचा चार्जर हवा असला की.

कन्येला सहज विचारलं, पेपरवाले खरंच नावं कापतात का? ती म्हणाली, सर्रास. मी म्हणालो, तीनदा सांगितलं तरी? म्हणाली, दहादा सांगितलं तरी. पण तुम्ही कुणाबद्दल बोलताय? मी म्हणालो, जनरल.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ९.३०.
फार विचार करून धोरणात बदल. शत्रूला पूर्ण तोडलं तर सूड घ्यायला माणूस उरत नाही. मावशींनी सुधारित उत्तर पाठवलं:

बाळा, त्या दिवशी घाईत लिहिलं. जुना डागही थंड पाण्यात रात्रभर भिजवला तर सुटतो कधी कधी. माणूस वरून कडक दिसतो, आतून तसा नसेल. उद्या सकाळी एकदा हात करून बघ. माझं ऐक.

पाठवल्यावर बाहेर गेलो. बोर्डवरची धूळ पुसली. पंखा, म्हणजे वलय, चकचकीत केलं. काउंटरवर दोन कप ठेवले, सहज.

दुपारी २. उत्तर आलं आहे.

नको मावशी. तुमचं पहिलं उत्तर कधीच चुकत नाही, हे आता साडेतीन हजार लोकांना माहीत आहे. हे दुसरं तुम्ही माझ्या समाधानासाठी लिहिलंत, तेवढं कळतं मला. पण नाद सोडल्यापासून खरंच हलकं वाटतंय. झोप लागते. तुमचे फार उपकार आहेत.

मावशींनी ‘शाबास’ असं उत्तर पाठवलं. दुसरं काय पाठवणार.

एक कप परत आत नेऊन ठेवला.