सगळं सामान एकाच बॅगेत

सोम. ३ नोव्हें.
जुनी बॅग आज जिन्यातच गेली. तळ फाटला, पेंटबॉलच्या रंगभरल्या गोळ्या पायऱ्यांवरून नारपोलीच्या गल्लीत. पॉवरलूमवाले ड्युटी सोडून बघायला बाहेर. निळी-केशरी पावलं चहाच्या टपरीपर्यंत. दिलीप पायरीवर बसून पोट धरून हसत होता. मेहुणा माझा, पण हसतो असा की नुकसान भलत्याच कुणाच्या भावजीचं झालंय.

नवी घ्यायलाच हवी. मोठी, दणकट. सीझन लागला, आम्ही पेंटबॉल खेळवतो ते अंबाडीचं ग्राउंड शनि-रवि भरलेलं. सामान तिथं ठेवता येत नाही, उंदीर मास्कचे पट्टे खातात. म्हणजे गन, मास्क, जॅकेटं, हवेचे सिलिंडर, सगळं दर खेपेला खोलीतून खाली, टेम्पोत, परत वर. ती खोलीही पहिल्या मजल्यावर. स्वस्तात मिळाली म्हणून घेतली होती, आता...

असो.

बुध. ५
मोबाईलवर बॅगा बघितल्या. फोटोत सगळ्याच पैलवान. कापड हातात घेतल्याशिवाय मी रुमाल घेत नाही. इक्बालभाईंकडे गेलो, ट्रकच्या ताडपत्र्या आणि बॅगा शिवतात ते. दिलीपला बरोबर नेलं.

ताग्याचं टोक दोन्ही हातांत धरून कानाशी झटकलं. हलकं कापड फडफडतं, चांगलं एकदाच बोलतं आणि गप्प बसतं. इक्बालभाई म्हणाले, "सेठ, कपड़ा ले रहे हो या तबला?"

जाड काळं घेतलं. तळाला दुहेरी रेक्झिन. पट्टा बॅगेच्या पोटाखालून फिरवून घ्यायचा, नुसता कडेला टाचायचा नाही. चेन मोठ्या दातांची. मास्कला आत वेगळा कप्पा, मऊ अस्तर, काचांना ओरखडा नको. इक्बालभाई म्हणाले, "दो बना दूँ? छोटे, पहियेवाले?" म्हटलं, ग्राउंडवर खडी आहे, चाकं महिनाभर टिकायची नाहीत. एकच द्या, सगळं मावेल अशी.

खडीचं खरं आहे. पण अर्धंच. भिवंडीत हमाली नगावर. नग लहान असो की मोठा, उचलायचा दर तोच. तेव्हा माल कोंबायचा आणि दोनाचा एक नग करायचा. टेम्पो चालवत होतो तेव्हापासून हे अंगात भिनलंय, विचार करावा लागत नाही.

निघण्याआधी घरी बायको, सुनीता, म्हणाली होती, "दोन घ्या ना. एक तुमी उचला, एक दिलीप." म्हटलं, दोनातली एक कायम घरी राहते. तिला पटलं.

दुकानात दिलीप इक्बालभाईंच्या स्टुलावरून उठताना मांडीवर हात रोवून उठला आणि दातांतून हवा ओढली. विचारायचं राहिलं.

शनि. ८
बॅग आली. बॅग कसली, खोलीच आहे. इक्बालभाईंचा निरोप, फाटली तर दुकानाची पाटी उतरवीन. दिलीप म्हणाला, "भावजी, हळदीला नवरदेव पळाला तर यात घालून आणता येल."

सगळं सामान एकात मावलं, तरी वर जागा. त्या जागेत गोळ्यांची खोकीही कोंबली. कोंबली मीच.

दिलीपनं खांद्यावर घेतली. जिन्याच्या वळणावर थांबला.
"काय रे?"
"काय न्हाय. पट्टा सरला."
पट्टा सरकला असता तर बकल वाजलं असतं. वाजलं नव्हतं. मी वर उभा होतो, किल्ल्या हातात.

रवि. ९
ग्राउंडवर पोचलो. मी फोनवर, वाडा गावच्या पार्टीशी दराची घासाघीस. मागे दिलीप टेम्पोतून बॅग काढत होता. पट्टा ताणल्याचा आवाज आला. मग त्याचा श्वास निम्म्यावर थांबला. पुढचा निम्मा आलाच नाही.

वळलो तर टेम्पोच्या फळीला धरून उभा. ना वर होता येत, ना खाली. हसायला बघत होता. "काय न्हाय भावजी, चमक भरली."

मी फोन लगेच ठेवला नाही. "एक मिनिट होल्ड करा" म्हणालो. पार्टीला.

सोम. १०
दिलीपच्या मणक्यातली गादी सरकलीय. डाव्या पायाला मुंग्या. डॉक्टर म्हणाले सक्त आराम, मग बघू, वजन उचलायचं तर नावच नको. "आधी दुखत होतं का?" दिलीप म्हणाला, न्हाय. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे बघत राहिलो.

इक्बालभाईंचा फोन. "बैग कैसी चल रही है?" म्हटलं, एकदम मस्त. खोटं नाही. एक टाका उसवला नाही.

गुरु. १३
अंजूरला दिलीपच्या घरी गेलो. दिलीप फळीवर आडवा, उशाला मोबाईल, क्रिकेट चालू. त्याच्या बायकोनं, वैशालीनं, चहा ठेवला. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ही म्हणते, "भावजी, तुमी जोडीला घेतलं म्हणून, न्हायतर यांची जिंदगी गोडाऊनमदी खोकी बांधण्यात गेली असती. आमी न्हाय इसरनार." बिस्कीट बुडवलं, ते तळाला गेलं. बसलो ढवळत.

दिलीपनं विचारलं, "शनिवारी कोन येतंय?"
म्हटलं, "तू काळजी करू नको, मी बघतो."
धीर द्यायला बोललो. त्यानं मॅचचा आवाज वाढवला. बाहेर येऊन चपला घालताना उमगलं, त्याला काय ऐकू गेलं असेल: तुझ्यावाचून अडत नाही.

परत आत जायला हवं होतं. रिक्षात बसलो.

शनि. १५
नाक्यावरून हमाल घेतला. त्यानं बॅगेभोवती एक फेरी मारली, बुटानं ढोसली. "सेठ, ये एक नग नहीं है. दो का लगेगा." मी सवयीनं वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोनाचे दिले. त्यानं भाऊ बोलावला, दोघांनी उचलली.

तेव्हापासून एकच डोक्यात. नगावर हमाली हमालाला. दिलीपला कुठली हमाली? त्यानं एक उचलली काय, दहा उचलल्या काय, घरचा माणूस. मग मी वाचवलं काय? आणि कुणाचं?

आज खेळ रंगला नाही. नवीन पोरगा शिट्टी वाजवतो, पण दिलीपसारखं चिडवता येत नाही. तो मैदानात ओरडायचा, "ओ साहेब, झाडामागं लपलात, पोट बाहेर हाय!" लोक पैसे त्याचेच द्यायचे.

बुध. १९
इक्बालभाईंकडून दोन लहान करून घेतल्या. चाकं रबराची, जाड. मोठी परत घ्या म्हटलं. ती उलटीपालटी करून बघितली त्यांनी. "इसमें ख़राबी क्या है?" काय सांगणार? "साइज" म्हटलं. "साइज तो आपने ही बोला था."

दोन्ही घेऊन घरी आलो. सुनीता भाजी निवडत होती. बॅगांकडे बघितलं, परत भाजीकडे. मेथीच्या काड्या जरा जास्तच कडाकडा मोडत होत्या.

"वैशाली सांगत व्हती," म्हणाली, "दिवाळीच्या आधीपासून दुखत व्हतं म्हने त्याचं. कुनाला बोलला न्हाय. तिलापन म्हनला, बाहेर बोलू नगं, न्हायतर भावजी काम बंद करतील."

मी पाणी प्यायलो.

"तुमाला कधी जानवलं का?"
"मला कसं जाणवणार? तो बोलला का काही?"

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला. या घरात माझ्या कानांची ख्याती आहे. दुसऱ्या गल्लीतल्या लूमचा सैल बोल्ट मला घरात बसून कळतो, हे ती माहेरी कौतुकानं सांगते. आणि तिच्या भावाच्या बाबतीत मी बहिरा होतो, हे तिनं निमूट मान्य केलं. भांडली असती तर सांगून टाकलं असतं. बहुतेक.

शनि. २२
दिलीपचा फोन. "उद्या येतो."
"डॉक्टर काय म्हणाले?"
"चालायला हरकत न्हाय म्हनाले."
"चालायला म्हणाले ना."
"भावजी, घरात बसून भिंती मोजतोय मी. येऊ का नको, तेवढं सांगा."

नको म्हणालो तर त्याला वाटणार, काढला. ये म्हणालो तर तो उचलायला जाणार, ओळखतो मी त्याला. म्हटलं, ये, शिट्टी सांभाळ.

रवि. २३
दिलीप कमरेला पट्टा बांधून आला. बारीक झालाय. दोन बॅगा बघितल्या, चाकावर ढकलून बघितल्या. "झ्याक हायत." खाली वाकून एकीची मूठ धरायला लागला. मी हात मध्ये घातला.

"दिलीप, थांब. तुझं दुखत होतं ते मला आधी कळलं होतं. ती बॅग घ्यायच्या आधी."

बोलायचं असं ठरवलं नव्हतं. बाहेर आलं.

त्याला धक्का बसेल वाटलं. मास्क हातात घेऊन काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मला ठावं हाय. तुमचे कान मला ठावं न्हायत? इक्बालभाईकडं मी मुद्दाम वाट बघत व्हतो. तुमीच म्हनाल, दोन घेऊ. मी म्हनलो असतो तर तुमी विचारलं असतं, का रं, काय झालं?"

"मग म्हणायचं होतंस."
"तुमी पन."

काच स्वच्छ होती, तरी पुसत होता.

"ताईला सांगितलंत?"
"नाही."

मान डोलवली. सांगा म्हणाला नाही, सांगू नका म्हणाला नाही. टेम्पोत पुढे येऊन बसला. खेळ मात्र त्यानं रंगवला, सगळ्यांना चिडवलं, एकाला तर हसवून हसवून खाली बसवलं. लांबून मी ऐकत होतो. त्याचं हसणं वरचं होतं, घशातलं.

संध्याकाळी अंजूरच्या फाट्यावर उतरला. एरवी "येतो भावजी" म्हणतो. आज टेम्पोचं दार लावलं, हळू, आणि गेला. पुढच्या शनिवारचं मीही विचारलं नाही.

आत्ता सुनीता स्वयंपाकघरातून विचारतेय, जेवायला वाढू का, आणि दिलीप काय म्हणाला? दोन्हींचं उत्तर अजून दिलेलं नाही. पुन्हा हाक मारतेय.