आवाज नसलेला व्हिडिओ

दादा,

बाबा चालतानाचा व्हिडिओ तू साऱ्या नातेवाइकांना पाठवलास. त्यात आवाज का नाही, हे मात्र विचारलं नाहीस. तो मीच काढून टाकला होता.

कंपवातासाठी मेंदूत बसवलेल्या तारांचा करंट वाढवला की बाबांचे पाय सुटतात, पण जीभ जड होते, शब्द कळत नाहीत. कमी केला की नीट बोलतात, पण दारातच पाय जमिनीला चिकटतात. डॉक्टर म्हणाले, दोन्ही जमणार नाही, काय हवं ते ठरवा. तू फोनवरून "चालणं!" म्हणून मोकळा झालास. दाढी करता करता गिऱ्हाइकाला हसवून बेजार करणारे आपले बाबा, दादा!

काल ते काहीतरी सांगत होते. पुन्हापुन्हा विचारूनही मला कळेना. शेवटी मी रिमोटनं करंट उतरवला. थोड्या वेळानं ते स्वच्छ बोलले, "मला विचारलंत का कुणी?"

मग त्यांनीच रिमोटकडे बोट दाखवलं. मी करंट वाढवला, तसे ते उठले, ताठ चालत खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

तू नवा व्हिडिओ मागितलायस. हे पत्र माझ्याकडेच राहू दे, व्हिडिओच पाठवीन. आवाज काढून.

तुझी धाकटी