बारा खाड्यांची यादी

६ मार्च
यादी संपली. आमच्या गोझो बेटाच्या बारा खाड्या, पाहुण्यांना वाटायच्या पत्रकासाठी. पत्रक छापणारा साल्वू फोनवर म्हणाला, "मिस, एका खाडीला चार ओळी. कादंबरी नको!" संध्याकाळभर काटछाट. सगळ्यांना ठाऊक असतं ते काढून टाकलं. वाक्यं कशी मोकळी झाली! उत्तरेच्या सान्ता तेक्ला खाडीचं सर्वांत छान उतरलंय — बावीस पायऱ्या, निवळ पाणी, गर्दी नाही, पोहायला उत्तम.

२ जून
पत्रक आलं. थोरला भाऊ विस्टिन म्हणाला, "कागद जाड आहे. मासे गुंडाळायला बरा."
मी मात्र दोनदा वाचलं. आवडलं.

१९ जुलै
कालपासून वायव्येचा वारा. उत्तरेच्या खाड्या फेसाळल्यात. सगळा गाव दक्षिणेला पोहायला. आम्हीही.

२० जुलै
काल दुपारी सान्ता तेक्लाला एक इटालियन माणूस लाटेने खडकावर आपटला. रुजेरो, वय बावन्न. शुद्धीवर नाही.
शाळेत इटालियन शिकवते म्हणून हॉस्पिटलने मला बोलावलं, त्याच्या बायकोशी बोलायला. ओर्नेल्ला. पायांत अजून ओल्या चपला. डॉक्टर सांगत होते, मी भाषांतर करत होते, आणि तिच्या मांडीवर — पत्रक. भिजून फुगलेलं.
मी लिहिलंय ते, हे सांगितलं नाही.

२१ जुलै
साल्वूकडे गेले. वाऱ्याचं वाक्य कुठंय? मी लिहिलं होतं! वायव्येचा वारा असेल तर इथे उतरू नये — नक्की लिहिलं होतं. त्यानेच जागेसाठी उडवलं असणार.
"मिस, तुमच्या स्वल्पविरामालासुद्धा मी घाबरतो. हात लावला नाही."
विश्वास बसला नाही. म्हटलं, निदान पत्रकं परत घे.
"कुठून? हॉटेलांत गेली, फेरीबोटीवर गेली, लोकांच्या पिशव्यांत गेली. वारा गोळा करायला सांगा, ते जमेल!" मग त्यालाच वाईट वाटलं. कॉफी पाजली.
परतताना फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीवरची उचलता येतील तेवढी पत्रकं उचलली. संध्याकाळी पाहिलं तर तिथे नवा गठ्ठा.

२२ जुलै
विस्टिन: "तुझ्या इटालियनांना वारा काय पत्र लिहून कळवणार होता? आपण धुणं वाळत घालतानासुद्धा आधी आभाळाकडे बघतो."
आपण बघतो. त्यांना कोण सांगणार?
"मग तुझी काय चूक, अगं? पाण्यात तू ढकललंस?"
तो प्रेमानेच बोलत होता. जेवण गेलं नाही.

२३ जुलै
रुजेरोत फरक नाही.

२४ जुलै
ओर्नेल्लाने आज पत्रक उलगडलं. वाळून कडक झालंय. सान्ता तेक्लाच्या चार ओळी मला मोठ्याने वाचून दाखवल्या. माझ्या ओळी. मग म्हणाली, "लिहिणाऱ्याने ही जागा पाहिली तरी असेल का हो?"
पाहिली आहे. पोहायला तिथेच शिकले.
एवढ्यात डॉक्टर आले. मी लगेच त्यांचं भाषांतर सुरू केलं. इतकं पटकन! सुटल्यासारखं वाटलं, हे लिहून ठेवते.
जाताना तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही नसतात तर!"

२५ जुलै
सांगायचंच ठरवून गेले. ती खुर्चीत झोपली होती. उठवलं नाही. कारण तिची झोप, की माझी भीती? खरं उत्तर मला ठाऊक आहे.

२६ जुलै
साल्वूला खोटं पाडायला ही वही मागे चाळली. सहा मार्च. "सगळ्यांना ठाऊक असतं ते काढून टाकलं."
त्याच पानात कच्चा कागद घडी करून ठेवलेला. वाऱ्याचं वाक्य आहे. त्यावर निळी रेघ, पट्टी धरून मारलेली, सरळ. घरात पट्टी धरून रेघ मारणारी मी एकटीच.
साल्वूची माफी मागितली. "जाऊ द्या, मिस," म्हणाला. कुठे जाऊ देऊ?

२७ जुलै
रुजेरो सकाळी गेला.
ओर्नेल्लाला तक्रार करायची आहे, इथल्या भाषेत. "तुम्हीच लिहून द्या. माझं दुसरं कोण आहे इथे?" तिने सांगितलं, मी लिहिलं. पत्रक कोणी लिहिलं ते ठाऊक नाही, म्हणाली, नावाची जागा कोरी सोडा.
कोरी सोडली नाही.