शिल्प झालेल्या दाराची व्यवस्था

मी, भास्कर नारायण खांबेटे, वय अठ्ठेचाळीस, पुण्याच्या एका दैनिकाचा पॅरिसमधील वार्ताहर, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. ताप आहे, भ्रम नाही. खोलीबाहेर मात्र पडता येत नाही. तेव्हा 'स्वखुशी' या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याने जपून लावावा.

१. माझ्या खोलीचे दार मी इथल्या जुन्या बाजारातून आणून बसवले. ते माझ्या मालकीचे. शेजारीण गिस्लेन मोर्वां शिल्पकार आहे. मी तापात झोपलो असता तिने दाराच्या बाहेरच्या अंगावर रस्त्यात सापडलेल्या वस्तू जडवल्या: लाकडी बूट, चाळण, बाहुलीचा हात. वर चौकटीसकट सगळे प्लास्टरने लिंपले. दार उघडले की शिल्प फुटणार.

"प्रदर्शनवाले बघून जाईपर्यंत थांबा ना, खांबेटे!" ती म्हणाली. थांबलो.

ते आले. एकाने बाहुलीच्या हाताने ठोठावले. मी सवयीने मराठीत विचारले, "कोण आहे?" माझ्याकडून चार मराठी शब्द शिकलेल्या गिस्लेनने अर्थ सांगताच टाळ्या पडल्या. "दार माणसाला विचारतंय, तू कोण!" तेव्हापासून मी शिल्पाचा भाग आहे. 'कोऽहम्' विचारायला ऋषी निदान अरण्यात तरी जात.

आता एका संग्राहकाला दार विकत हवे आहे, आवाजासकट. मी खोकलो, तर म्हणाला, "हेही राहू द्या."

२. खिडकीला गज आहेत. त्यांतून पाव आत येतो, वार्ताहर बाहेर जात नाही. दोरीला टोपली बांधणाऱ्या रखवालदारीण मादाम पिशार यांना माझी शेगडी द्यावी. "अहो मस्यू, मेलात तर काढू कसं तुम्हाला? टोपलीत मावायचे नाहीत!" हा त्यांचा रोजचा आशीर्वाद. डॉक्टर अंगणातूनच जीभ पाहतात आणि मान हलवतात.

३. अमरकोश धाकटी बहीण यमू हिला. तो तिला माझ्याआधी पाठ झाला होता. पाठशाळेत मात्र मला घातले. माझी विशेषणे छाटणाऱ्या संपादकांना माझी कात्री. त्यांची एव्हाना बोथट झाली असेल.

४. आज सकाळी पुन्हा टकटक झाली. "कोण आहे?" मी विचारले. टाळ्या नाहीत. गिस्लेन मराठीत म्हणाली, "मीच."

सबब ते दार मी तिच्या नावे करतो. विकायचे की फोडायचे, तिने ठरवावे. माझ्या हयातीत ठरवल्यास आभारी राहीन.

स्थळ: पॅरिस. ९ फेब्रुवारी १९३८.
भा. ना. खांबेटे

साक्षीदार:
१. मादाम पिशार (कागद टोपलीतून खाली सोडून सही घेतली)
२. लेओन कॉर्बेल, सुतार (करवत घेऊन जिन्यात उभे, गिस्लेनबाईंचे अजून ठरलेले नाही)