सात नंबरच्या लेथपुढचा कोहळा

पीण्या, बेंगळूर
१२ मार्च १९९५

तीर्थरूप ज्योतिबामामा यांच्या पायांवर गुंडोचं डोकं. (साष्टांग घातला असता, पण खोलीत आम्ही चौघं राहतो, तेवढी लांबी मिळत नाही.) तुमची कंबर कशी आहे? शिलाईवर वाकून बसू नका असं मामी दहा वर्षं सांगते, पण न वाकता काजं कशी करायची ते काही ती सांगत नाही. मी मजेत आहे. वजन वाढलंय, कारण मला कारखान्यातून काढून टाकलं आणि गेले चार महिने मी इडलीच्या हॉटेलात पीठ वाटतोय.

आता हे वाचून उठू नका, बसूनच राहा, आणि आईला सांगू नका. प्रकरण खंडेनवमीचं. इथं त्या दिवशी प्रत्येक मशीनला केळीचे खुंट, झेंडूचा हार, आणि कोहळ्याला भोक पाडून आत कुंकवाचं पाणी भरायचं, मशीनवरून ओवाळायचा आणि पुढ्यात फोडायचा. (आपल्याकडं असला कोहळा मामी आधी सांडग्याला उचलेल.) माझा सात नंबरचा लेथ मी रॉकेलनं लख्ख पुसला, हळदकुंकू वाहिलं. आता पुजलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही तर त्या दिवशी कात्री देव्हाऱ्यात ठेवता आणि गिऱ्हाइकाच्या बटणाचा दोरा दातानं तोडता. पण आमचे सुपरवायझर शिवकुमार म्हणाले, बारा शाफ्ट राहिलेत, लेथ चालू कर. मी म्हटलं, उद्या उजाडायला येतो, दुपारच्या आत बारा काढून देतो. ते म्हणाले, "ईगले माडू." (म्हणजे आत्ताच कर.) आणि लेथला पाठ टेकून स्टूल टाकून बसले. चालू होईस्तोवर उठणार नाही म्हणे.

कोहळा फोडायचा तर अजून राहिला होता. साहेब मशीनला चिकटलेले. मशीनवरून ओवाळायचं तर त्यांच्यावरूनही ओवाळणं आलं. मग मी विचार केला (चूक झाली ती इथंच), अर्धवट कशाला? उरलेला हार त्यांच्या गळ्यात घातला, कपाळाला हळद लावली, कोहळा तीनदा ओवाळला आणि दिला पायाशी आपटून. पांढराशुभ्र शर्ट गळ्यापासून खालपर्यंत लाल! नेमक्या तेव्हाच मालकीणबाई प्रसाद घेऊन दारात आल्या आणि सुपरवायझरचा खून झाला म्हणून ताट टाकून पळाल्या.

मग चौकशी बसली, महिनाभर चालली. ती मालकाच्या मेव्हण्यानं केली, म्हणजे निकाल तुम्ही निपाणीत बसून सांगितला असता. कागद सगळा इंग्रजीत. मी चौथी दोनदा केलेला माणूस, युनियनच्या कल्लाप्पाअण्णांनी वाचून दाखवला : हल्ला, अपमान आणि कामाला नकार. माफीनामा लिहून दे, मग बघू, असंही तो मेव्हणा म्हणाला. मी म्हटलं, काम नाकारलंच नाही, एक दिवस पुढं ढकललं. सही करणार नाही. पीठ वाटेन, पण सही नाही.

शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून एक पंच नेमला, प्रतापराव म्हणून. लेबर खात्यातून रिटायर झालेले. घराणं मराठा, पण इथं येऊन तीनशे वर्षं झालेली, त्यामुळं त्यांचं मराठी कानडीत भिजवून वाळत घातल्यासारखं आहे. परवा शुक्रवारी त्यांच्यापुढं मी हात जोडून सांगितलं, अण्णा, अपमान कसला, मी साहेबांची दृष्ट काढली. आमच्याकडं आपल्या माणसाचीच काढतात. मालकाचा वकील दृष्ट कुठल्या कलमात बसते ते पुस्तकात शोधायला लागला. मला वाटलं, जिंकलो.

प्रतापरावांनी चष्मा पुसला आणि धाकट्या भावाला विचारावं तसं विचारलं. "सरी. मग स्वल्प सांग तम्मा, दृष्ट काढल्यावर मागं वळून बघितलंस?"

मामा, दृष्ट काढणारा वळून बघत नाही हे त्यांना माहीत होतं. आणि मी तर बघितलं होतं. चांगलं दारापर्यंत गेलो आणि साहेबांचं तोंड कसं दिसतंय ते बघायला वळलो. ते ठाऊक फक्त मला आणि साहेबांना. मी तोंड उघडणार तेवढ्यात शिवकुमारच उठले आणि म्हणाले, "नोडलिल्ला सर." बघितलं नाही!

म्हणजे नोकरी हातात आली होती. गप्प बसायचं, एवढंच काम. पण पाच महिने ज्याच्यावर दात खाल्ले, त्याच्या खोट्यावर लेथ चालवायचा? मी म्हटलं, बघितलं, अण्णा. हसायलाच वळलो होतो. पण हे साहेब स्वतःचं तोंड सोडून शर्टाच्या टोकानं माझ्या लेथवरचं पाणी पुसत होते, गंज चढेल म्हणून. मग हसायचं राहूनच गेलं.

शिवकुमार खिडकीबाहेर बघायला लागले. प्रतापराव म्हणाले, कामाला नकार खोटा, हल्ला खोटा, टवाळी खरी. टवाळीला माणूस काढून टाकत नाहीत. माफी लिहून दे आणि वीस तारखेला, सोमवारी, कामावर ये. मी म्हटलं, लिहून देणार नाही. (कल्लाप्पाअण्णांनी मांडीला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.) लिहिलं की फायलीत राहतं, आणि पुढच्या नवमीला तोच कागद दाखवून लेथ चालू करायला लावतील. "अरे हट्टी माणसा, मग देणार तरी काय?" मी सांगितलं. ते ऐकून वकीलसुद्धा हसला, आणि मिटलं.

मामीला नमस्कार, कंबरेला जपा.

तुमचा भाचा
गुंडो

ता. क. माफीऐवजी साहेबांना शर्ट देणार म्हणून सांगितलंय. सोमवारी, सगळ्यांदेखत, सात नंबरपुढं. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून एक पांढरा शर्ट शिवा आणि शनिवारच्या बसनं कंडक्टरकडं द्या. शर्ट नाही तर नोकरी नाही. माप कुठून आणू? तुमच्या दुकानासमोरचा पानपट्टीवाला धरा, त्याहून पोट चार बोटं जास्त.

पुन्हा ता. क. आईनं विचारलं तर सांगा, गुंडोवर साहेब खूश आहेत.

आणखी एक. कॉलर तेवढी अर्धा इंच आवळ ठेवा. या खेपेला मी वळून बघणार नाही.